उजव्या बरगडीखाली

तय्यबाने तिसरी स्ट्रिप पालथी केली आणि पाठीवरच्या बारीक अक्षरांतल्या एका शब्दाखाली नख टेकवलं. "हेही वाचा, ताई."

भावनाने वाचलं. औषधाच्या दुकानातल्या काचेच्या काउंटरवर तिच्याच पर्समधून निघालेल्या तीन स्ट्रिपा शेजारी शेजारी पडल्या होत्या. पांढरी तापाची, केशरी दाढेची, हिरवी सर्दीची. समोरून तिघींची नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. पालथ्या केल्यावर मात्र तिघींच्या पाठीवर एकच नाव होतं. पॅरासिटामॉल साडेसहाशे. पॅरासिटामॉल सव्वातीनशे. पॅरासिटामॉल पाचशे. रस्त्यापलीकडच्या गाळ्यात लूम खडखडत होते, नारपोलीच्या त्या अरुंद रस्त्यावरून कापडाचे तागे लादलेला टेम्पो रिव्हर्स घेत होता, सोमवारची भर दुपार होती. त्यात काय एवढं, असं भावना म्हणणार होती. पण तिला ते म्हणता येईना. मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात ती अकरा वर्षं आलेला माल उतरवून घेण्याच्या टेबलावर सुपरवायझर होती. खोक्यावर जे लिहिलंय तेच आत आहे की नाही हे पाहणं हीच तिची ड्युटी. एकच माल दोन नावांनी चढवलेला असला तर तिला तो लांबून कळायचा, नवीन पोरी तिला त्यासाठी टरकून असायच्या. आणि चार दिवस स्वतःच्या पर्समधला माल तिने एकदाही उलटा करून पाहिला नव्हता.

"दिवसाला किती घेतल्या?" तय्यबाने विचारलं.

"दुखेल तशा."

"दुखेल तशा म्हणजे किती? मला आकडा सांगा."

भावनाने आठवून सांगितलं. गुरुवारी अक्कलदाढ ठणकायला लागली. दातांचा डॉक्टर बुधवारपर्यंत गावाला गेलेला. गोदामात सेलचा हंगाम, सुट्टी मागायची सोय नव्हती. शुक्रवारी वर सर्दी-ताप. मग तिने आपल्या परीने शिस्त लावली होती: तापाला पांढरी, दाढेला केशरी, नाकाला हिरवी. प्रत्येक दुखण्याला त्याची त्याची गोळी, म्हणजे घोटाळा नको. पांढऱ्या पाच, केशरी चार, हिरव्या चार, असं रोज. शनिवारी केशरीने भागेना तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याच्या दोन गोळ्या.

तय्यबा बोलता बोलता बिलाच्या पाठीवर बेरीज करत होती. गुडघ्याच्या गोळीपाशी तिचं पेन थांबलं. "त्यातही हेच असतं. आणि शिवाय सूज उतरवणारं दुसरं औषध. केशरीतही सूज उतरवणारं एक आहे. ती दोन तर एकमेकांबरोबर घ्यायचीच नसतात, पोटात रक्त उतरतं." तिने पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "जेवलात काय चार दिवसांत?"

"चावता येत नाही गं. चहा. एकदा पेज."

"आणि आज माझ्याकडे काय घ्यायला आलात?"

"ॲसिडिटीची गोळी. सकाळपासून दोन उलट्या झाल्या. बाकी मी बरी आहे. ताप गेला. दाढसुद्धा गप्प आहे."

तय्यबाने डोक्यावरची ओढणी सारखी केली, तिन्ही स्ट्रिपा एका पाकिटात घातल्या आणि बेरजेचा कागद त्यात सरकवला. "ती गोळी मी देणार नाही, ताई. रिक्षात बसा. मी डॉक्टर सुफियानना फोन करते. घरी जाऊ नका, गोदामात जाऊ नका, सरळ तिकडे जा. मनोजभाईंना मी कळवते." तिचा आवाज चढलेला नव्हता. पण ती काउंटरची फळी उचलून बाहेर आली, रस्त्यात उभी राहून तिने रिक्षा थांबवली आणि भावनाचा दंड धरून तिला आत बसवलं. इतक्या वर्षांत तय्यबाला भावनाने काउंटरच्या बाहेर कधी पाहिलंच नव्हतं. ती केवढी ठेंगणी होती.

रिक्षात भावनाने स्वतःला तपासून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. हीच गोष्ट हळूहळू अंगावर यायला लागली. उजव्या बरगडीखाली थोडं जड, एखादी शिवण घट्ट बसावी तसं, तेही शोधलं म्हणून सापडलं. गोळीवर तिचा विश्वास फार जुना होता. नऊ वर्षांची असताना तिने बयला, म्हणजे तिच्या आईला, काशीला, आयुष्यातली पहिली गोळी दिली होती. काशी खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढायची. डोकं दुखायला लागलं की कपाळावर फडका करकचून आवळायची आणि तशीच कामाला जायची. डोळे लाल, फडक्याचा वळ भुवईवर. शाळेतल्या बाईंनी एक पांढरी गोळी कागदात बांधून दिली होती, ती भावनाने पाण्याबरोबर तिला घ्यायला लावली. अर्ध्या तासाने काशीने चुलीपुढून मान वर केली, फडका सोडला आणि डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. "गेलं कं गं," ती म्हणाली. "भावने, कुठं गेलं ता?" ती घाबरल्यासारखी दिसत होती. इतकी वर्षं घरात राहणारं कोणी न सांगता उठून जावं तशी ती दाराकडे बघत राहिली. तेव्हापासून भावनाला गोळी म्हणजे चमत्कार वाटत आली. बोटाच्या पेराएवढी वस्तू, आणि तिच्यापुढे आईची वीस वर्षांची डोकेदुखी टिकली नाही. पुढे ऋतिकाच्या वेळचं बाळंतपण, कंबर, उभ्याने केलेल्या डबल शिफ्ट, सगळ्यांत ती गोळीच्या भरवशावर उभी राहिली. दुखणं कुठं जातं हे मात्र तिने बयसारखं कधी विचारलं नाही.

डॉक्टर सुफियानने विचारण्याआधीच सांगितलं. तो पस्तिशीचा, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी हातांकडे बघणारा माणूस होता. रक्त घेऊन झालं होतं, भावनाला खाटेवर निजवलं होतं आणि तिचा नवरा मनोज धापा टाकत नुकताच येऊन पोचला होता. "पॅरासिटामॉल चांगलं औषध आहे," डॉक्टर म्हणाला. "मापात घेतलं तर फार सुरक्षित. एखाद्या सूज उतरवणाऱ्या गोळीबरोबर दोन-चार दिवस घ्यायलाही आम्ही सांगतो. पण तेच औषध दुसऱ्या नावाने पुन्हा पोटात गेलं, की माप राहत नाही. दिवसाला चार हजार मिलिग्रॅम ही शेवटची हद्द. अंगाने बारीक माणसाला, उपाशी माणसाला त्याहून कमी. ह्यांनी रोज साडेसहा हजाराच्या वर घेतलंय. उपाशी पोटी. चार दिवस."

"पण ती नीट बोलतेय, डॉक्टर," मनोज म्हणाला. "चालत आली ती."

"लिव्हर बोलत नाही ना," डॉक्टर म्हणाला. त्याने भावनाकडे बघून स्वतःच्या उजव्या बरगड्यांवर हात ठेवला. "इथे असतं. आलेल्या औषधातला थोडा भाग इथे विषारी होतो. लिव्हरकडे त्यावर उतारा असतो, स्वतः बनवलेला. विष आलं की एकेका कणाला धरून ते निकामी करतं. रोज, आपल्याला न सांगता. पण तो उतारा साठ्यातला असतो. साठा जेवणातून भरतो. तो संपला की मग विष लिव्हरलाच खातं." त्याने हात खाली घेतला. "सलाईनमधून तो साठा भरायचं औषध आम्ही चालू करतोय. उद्याच्या रिपोर्टमध्ये आकडे वाढलेले दिसतील, घाबरू नका. मी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघतोय. तो वेळ वाढत राहिला तर मात्र मुंबईला हलवावं लागेल." मुंबईला कशासाठी, हे मनोजने विचारलं नाही. त्याने खाटेची लोखंडी कड धरली आणि सोडली नाही.

नर्सने औषधाची बाटली फोडली तेव्हा खोलीत एक वास पसरला. सडक्या अंड्याचा, गंधकाचा. मनोजने नाकाला रुमाल लावला. भावनाने डोळे मिटले, कारण तो वास तिच्या ओळखीचा होता. वज्रेश्वरीची कुंडं. हंगाम संपला की काशी तिला घेऊन भिवंडीहून एसटीने जायची. मिठाने फुटलेले पाय, टाचांच्या भेगांत खडे अडकलेले, ते ती त्या कढत पाण्यात सोडायची आणि दात-ओठ खाऊन बसायची. वाफेत बायकांची डोकी तेवढी दिसायची. लहानग्या भावनाला तो वास सोसत नसे. "नाक धरू नको," बय सांगायची, "जमिनीच्या पोटातना येतं ता पानी. कवरं खोल आसंल, बग." आणि भावना बघायची. पाणी वरून शांत दिसायचं, अधूनमधून एखादा बुडबुडा यायचा. खाली कुठेतरी, आपण उभ्या आहोत त्याच्या कितीतरी खाली, काहीतरी तापत होतं, कोणी पेटवलेलं नसताना, कोणी बघत नसताना. तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. आता चव्वेचाळीसाव्या वर्षी, नळीतून थेंब थेंब उतरणारं औषध बघताना तसाच काटा पुन्हा आला. फरक एवढाच, की खोल जागा ह्या वेळी तिच्या आत होती. बरगडीच्या मागे, कातडीपासून चार बोटांवर. जन्मापासून ती जागा जागी होती. बयच्या पोटात असल्यापासून. भावना झोपली तरी ती झोपली नव्हती. लग्नात, बाळंतपणात, गोदामातल्या पहिल्या दिवशी शिडीवरून पडली तेव्हा, भांडून माहेरी गेली होती त्या चार महिन्यांत, कधीच नाही. पाठवलेला एकेक माल उघडून, तपासून, चांगलं ठेवून घेऊन, वाईट निकामी करून बाहेर काढत राहिली. त्या टेबलावर सुट्टी नव्हती, शिफ्ट बदलत नव्हती, आणि आपल्याकडे असा कोणी कामाला आहे हे मालकिणीला माहीतही नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराला आकडे आले. लिव्हरचा जो आकडा चाळीसच्या आत असायला हवा तो साडेचार हजारांच्या वर गेला होता. डॉक्टरने वाढतील असं सांगितलंच होतं. पण रक्त गोठायचा वेळही वाढला होता. मनोज कागद घेऊन खिडकीशी उभा राहिला. तो बांधकामाला पाण्याचे टँकर पुरवायचा, दिवसभर फोनवर खेकसायचा. आज त्याने फोन बंद करून खिशात टाकला होता.

"तू मला का नाही बोललीस?" तो म्हणाला. "एवढी दाढ दुखत होती तर."

"बोलून काय झालं असतं?"

"मी ठाण्याला नेली असती दुसऱ्या डॉक्टरकडे. चार दिवस बाजूला झोपतोय मी. मला कळलंच नाही."

भावनाने अंगावरची चादर सारखी केली. तिच्या माहेरी दुखतं असं कोणी म्हणत नसे, सासरीही नाही. दुखणं म्हणजे घरातल्या माणसांना लावायचं काम. ते न लावता जी उभी राहते तिला सगळे चांगली म्हणत. तिने कधी ठरवलं नव्हतं, तिच्या हाडातच ते होतं. आणि आता ती बघत होती की तिच्या आतलं लिव्हरही तिच्याच वळणाचं निघालं होतं. साठा संपेपर्यंत हूं की चूं नाही. हसू आलं तिला, आणि हसताना दाढेतून कळ गेली. चार दिवसांनी दाढ परत बोलली होती. गोळ्यांचा असर उतरला होता. नर्सने सांगितलं, आता वेदनेवर काही देता येणार नाही, मिठाच्या पाण्याने चूळ भरा, जंतूंचं औषध सलाईनमधून चालू आहे, दाढ काढायची ती रक्त ताळ्यावर आल्यावर.

त्या दुपारी भावनाने पहिल्यांदा दुखणं पूर्ण दुखू दिलं. दुसरा इलाज नव्हता. दाढेच्या मुळातून निघालेली कळ कानापर्यंत जायची, तिथून मानेत, मग ओसरायची, आणि ओसरताना जबडाभर एक ऊब सोडून जायची. मग परत. तिच्यात ठेका होता, नाडीचाच ठेका. भावना तिच्यामागे मागे जात राहिली. कळ यायच्या आधी एक क्षण येतो, त्यात सगळं थांबल्यासारखं होतं, हे तिला दिसलं. मनोजने तिचा हात धरून ठेवला होता. "आली?" तो विचारायचा. "आली," ती म्हणायची. "गेली?" "गेली." असे ते दोघं तास-दोन तास बसले. सतरा वर्षांच्या संसारात इतका वेळ ते एकाच गोष्टीबद्दल कधी बोलले नव्हते. आणि मधल्या शांततेत तिचं लक्ष परत परत उजव्या बाजूला जायचं. तिथे काही दुखत नव्हतं. तिथे आत्ता पेशी मरत होत्या, डॉक्टरने सांगितलं होतं, हजारोंनी. तिने डावा हात मनोजच्या हातात तसाच ठेवून उजवा तळवा बरगडीखाली ठेवला. पोर झोपेत घाबरलं की ठेवतो तसा. मनात शब्द नव्हते. माफी मागावी एवढीही ओळख नव्हती.

बुधवारी सकाळी डॉक्टर सुफियान आला तो कागद हातात घेऊनच. पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांकडे बघितलं. "वळलं," तो म्हणाला.

"म्हणजे?" मनोज उभा राहिला.

"रक्ताचा वेळ कमी झाला. आकडे उतरायला लागले. मुंबईची गरज नाही." मग तो खुर्ची ओढून बसला. दवाखान्यात असा बसलेला तो त्यांना आधी दिसला नव्हता. "एक सांगू? मी बारा वर्षं हे बघतोय, तरी मला दर वेळी नवल वाटतं. कापलेलं बोट परत येत नाही. हृदयाचा मेलेला भाग परत येत नाही. पण हे येतं. जे उरलंय ते वाढायला लागतं. काही आठवड्यांत तुमचं लिव्हर पुन्हा पहिल्यासारखं होईल, बहुतेक डागसुद्धा राहणार नाही. उशीर झाला असता तर नसतं झालं. तय्यबा बाजींनी एक दिवस वाचवला तुमचा, तोच कामाला आला."

तो गेल्यावर मनोज बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. भावना छताकडे बघत पडून राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो होताही कुठेतरी. पण त्याच्याही वर काहीतरी उभं होतं, इतकं मोठं की त्याच्यापुढे आनंद लहान दिसत होता. तिने ज्याला चार दिवस विष पाजलं, ते तिच्यावर रुसलं नव्हतं. त्याने उरलेल्या मूठभरातून परत कामाला सुरुवात केली होती. ती इथे पडून पंख्याची पाती बघत होती आणि त्याच घटकेला आत, अंधारात, नवं काहीतरी घडत होतं, तिच्या हुकमाशिवाय, तिच्या लायकीचा विचार न करता. कोणी शिकवलं असेल त्याला किती वाढायचं ते? आणि वाढून पुरं झालं की थांबायचं ते? तिला मोठ्याने विचारावंसं वाटलं. विचारायला खोलीत कोणी नव्हतं, आणि असतं तरी त्याला सांगता आलं असतं असं तिला वाटेना.

रविवारी ती घरी आली. मंगळवारी दाढ निघाली, ती एका कळीत. त्यानंतरच्या सकाळी, ऋतिका कॉलेजला आणि मनोज कामावर गेल्यावर, भावना ओटीवर आली. पुतळाबाई, तिच्या सासूबाई, पाय पसरून उन्हात बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, वाळकुडी, पण अजून ताठ बाई. दवाखान्यात त्या दोनदा येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा दारातच उभ्या राहिल्या होत्या. आज त्यांच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी होती. त्यांनी ती भावनापुढे सरकवली.

"वाच," त्या म्हणाल्या.

पिशवीत गोळ्या होत्या. भावनाने आणून दिलेल्या गुडघ्याच्या, त्यात काही नवल नव्हतं. पण त्यांच्याखाली आणखी होत्या. निळ्या, पिवळ्या, अर्ध्या फाटलेल्या स्ट्रिपा, नाव निघून गेलेल्या, शेजारणीने दिलेल्या, बाजारातून कोणाकडून मागवलेल्या, कागदात बांधलेल्या सुट्या. भावना एकेक पालथी करत गेली. बहुतेकांच्या पाठीवर तीच ओळखीची नावं होती. "आई, हे कधीपासून?"

"झायली वर्सां."

"रोज?"

"रोज कला? दुखंल तवा." पुतळाबाईंनी उन्हाकडे तोंड केलं. "डाक्टर बोलला ता काळीज परत येतं. खरा हाय?"

"खरं आहे, लिव्हर येतं परत. पण आपण थांबलो तर. आज संध्याकाळी तुमचं रक्त तपासून आणू. किडनीचं पण."

"माज्याबी आत हाय ना ता? बाय मानसाला असतं ना?"

"असतं, आई. इथे." भावनाने हात पुढे केला आणि पहिल्यांदाच सासूच्या अंगाला असा हात लावला, पातळाच्या निऱ्यांच्या वर, उजव्या बरगड्यांखाली. आत श्वास वर-खाली होत होता. कातडी पातळ, हाडं मोजता यावीत अशी. तिच्या खाली सत्तर वर्षांचं ते काम चाललेलं. पुतळाबाई हलल्या नाहीत. स्वतःच्या पोटात कोणी आहे हे पहिल्यांदा कळलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आई," भावनाने विचारलं, "तुम्हाला कुठं कुठं दुखतं?"

पुतळाबाईंनी तिच्याकडे बघितलं. निरखून, ही थट्टा तर नाही ना हे पाहत. "सगला सांगू?"

"सगळं सांगा. मला कुठे जायचं नाही."

त्यांनी पाय पोटाशी घेतले, पदर नीट केला, आणि सांगायला लागल्या. पहिलं दुखणं त्या बारा वर्षांच्या असतानाचं होतं.